नवा रंधा आणि जुना हिशेब

कुळगीहून परतल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या घरी एक खोका आला. त्यात एक लोखंडी रंधा, खाच पाडायचा एक छोटा रंधा, चार पटाश्या, एक गुण्या आणि एक करवत होती. बिल ११,३५० रुपयांचे. खोका दारात घेतला आमच्या सौ.ने, त्यामुळे बिल लपवण्याचा प्रश्न आपोआप मिटला.

"हे कशाला?" एवढेच तिने विचारले.

"देव्हाऱ्यासाठी," मी म्हणालो.

मूळ घरातला देव्हारा वाटण्या झाल्यावर चुलतभावाकडे राहिला. तेही योग्यच झाले, देव मूळ जागीच असावेत. पण आमच्या या घरात गेली अकरा वर्षे देव भिंतीतल्या एका फळीवर बसले आहेत आणि दर चतुर्थीला कोणीतरी पाहुणा ते बोलून दाखवतो. देव्हारा आपल्या हाताने करावा असे माझ्या मनात बरीच वर्षे होते. हे सगळे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "फोंड्याला आपण सागवानी देव्हारा पाहिला होता. साडेसात हजार. हत्यारेच अकरा हजारांची झाली, लाकूड अजून यायचे आहे."

गणित बिनचूक होते. गणित जमत नसेल तेव्हा मी इतिहासात शिरतो, ही माझी जुनी सवय. गेले काही महिने मी या एकाच प्रश्नाच्या मागे लागलो आहे. सुताराच्या हत्यारांचा खर्च आजवर कोणी केला, आणि त्याने तो आपल्या घरी कसा पटवून दिला? प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही, असे आता मला वाटू लागले आहे.

सुरुवात कुळगीपासूनच करतो, कारण रोग तिथलाच.

कुळगी दांडेलीच्या बाजूला आहे. मोले, अनमोड घाट, रामनगर करत आपण गोव्यातून वर चढतो आणि दांडेलीहून अंबिकानगरकडे निघालो की वाटेत हे लहानसे गाव लागते. कर्नाटकच्या वनखात्याचे निसर्ग शिबिर तिथे आहे, त्यामुळे शाळांच्या सहली आणि पक्षी बघणारे लोक येत असतात. भोवतालचे जंगल १९५६ साली दांडेली अभयारण्य झाले, २००७ मध्ये अणशीच्या राष्ट्रीय उद्यानासकट व्याघ्र प्रकल्प झाले, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. बाकी लोक वाघ, धनेश आणि नदीतल्या होड्या बघायला जातात. मी गेलो तो साग बघायला. साग, ऐन, नाना, जांभा, किंदळ, मधूनच एखादा शिसव. गोव्यातल्या जुन्या घरांच्या तुळया बघत मोठा झालेला माणूस या जंगलात जरा वेगळ्याच नजरेने फिरतो. झाड बघून तो मनातल्या मनात फळ्या पाडू लागतो. हे चांगले लक्षण नव्हे, पण खरे आहे.

दांडेलीच्या लाकूड आगारात तर माझे पाय निघेनात. ओंडक्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याने उठवलेला खात्याचा शिक्का आणि आकडे. ते लाकूड लिलावात जाते, माझ्यासारख्याने नुसता वास घ्यायचा. सौ. गाडीत बसून राहिली होती. "झाले का दर्शन?" तिने विचारले. तेव्हाच तिला संशय आला असावा.

संध्याकाळी कुळगीला चहाच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ भेटले. सत्तरीच्या आतबाहेरचे. त्यांच्या उजव्या तळहातावरचा, करंगळीच्या खालचा घट्टा मी ओळखला. रंधा मारणाऱ्या आमच्या शेजारच्या मेस्ताच्या हातावर तो होता. मी विचारले, "सुतार काय तुम्ही?" ते हसले. या भागात बोलायची अडचण नसते. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत तिथेच होता. जोयडा-हल्याळकडे मराठी आणि कोकणी घराघरांत आहे. त्यांची मराठी कोकणीत भिजलेली होती, माझीही तशीच.

ते मूळचे सुप्याचे. मुलीकडे कुळगीला आले होते. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात त्याचे ठाणे पूर्वी सुपा होते, काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, १९८० च्या दशकात पाणी अडले आणि सुपा गाव आसपासच्या खेड्यांसकट बुडाले. त्या पाण्यावर वीज होते. लोकांना उठवून बऱ्याच जणांना रामनगरला वसवण्यात आले. गोव्याहून बेळगावकडे जाताना आपण त्या रामनगरात चहा प्यायला थांबतो आणि हे गाव असे चौकोनी, आखल्यासारखे का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

या गृहस्थांचे वडील सुप्याला सुतारकी करत. गाव सोडायच्या दिवशी दोन घरांत मिळून एक ट्रक होता. वडिलांनी सगळ्यांत आधी हत्यारांची पेटी चढवली. मग भांडी, मग अंथरुणे, मग देव. आईला जाते न्यायचे होते. तिच्या सासूचे जाते, दोन्ही तळ्या चांगल्या, नुकतीच टाकी लावून घेतलेली. ट्रकवाला म्हणाला, दगड की पेटी, एकच काहीतरी. "बापूस काय बोललाच नाही," म्हातारे म्हणाले. "पेटीवर बसला तो उठलाच नाही." जाते अंगणात राहिले.

ही गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली, मी विचारली नव्हती. नवीन जागी गेल्यावर पहिली दोन वर्षे त्या पेटीने घर चालवले, कारण तिथे प्रत्येकालाच दारे-खिडक्या हव्या होत्या. "आणि आई?" हा प्रश्न सौ.चा. "आई शेवटपर्यंत म्हणायची, गिरणीच्या पिठाची भाकर गिळवत नाही." एवढे बोलून त्यांनी चहाचा पेला ठेवला.

त्या रात्री तंबूत मी हत्यारे घ्यायचे ठरवले. म्हाताऱ्याच्या गोष्टीवरून मी हा निष्कर्ष कसा काढला, हे मला आज नीट सांगता येणार नाही. सौ.ने त्याच गोष्टीवरून वेगळाच निष्कर्ष काढला होता, ते मला पुढे कळले.

असो. आता इतिहास.

आपल्याकडच्या जुन्या गावात सुताराला हत्यार घेताना घरी कारण द्यावे लागत नसणार. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले आहे त्यांना बलुत्याचा व्यवहार ठाऊक असेल. बारा बलुत्यांत सुतार पहिल्या ओळीचा, म्हणजे थोरल्या कासेचा. शेतकऱ्याने लाकूड आणायचे, सुताराने नांगर, कुळव, पाभर करून द्यायची, मोडली की दुरुस्त करायची, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. दर कामाला दर नाही. या व्यवहारात लाकूड गिऱ्हाईकाचे, धान्य गिऱ्हाईकाचे, सुताराच्या मालकीचे काय? त्याचा हक्क आणि त्याची हत्यारे. वाकस, करवत, पटाशी, किकरे, रंधा, सामता, गुण्या, ओळंबा. (सामता म्हणजे दोरीच्या कमानीने फिरवायचे भोक पाडण्याचे हत्यार, तो आता बघायलाही मिळत नाही. गिरमिटाने त्याला घालवले आणि विजेच्या ड्रिलने गिरमिटाला.) पाते झिजले की लोहाराकडे जायचे. लोहारही बलुतेदारच, तेव्हा तिथेही रोकड नाही. दांडा स्वतःच करायचा. थोडक्यात, हत्यारावर पैसा म्हणून खर्च फारसा नव्हताच. त्यामुळे त्याचे समर्थनही नव्हते.

मला हे चित्र फार गोड करून दाखवायचे नाही. ज्या व्यवस्थेत सुताराच्या मुलाला सुतारच व्हावे लागे आणि ज्यांना खळ्यावर सगळ्यांत शेवटी, दूर उभे राहून वाटा मिळे असेही लोक होते, तिच्या आठवणीने गहिवरून येण्यात अर्थ नाही. पण हत्याराच्या बाबतीत हिशेब असा होता.

मराठीत या सगळ्याला 'हत्यार' हा एकच शब्द आहे, हेही बघण्यासारखे आहे. तलवारही हत्यार आणि पटाशीही हत्यार. म्हणून खंडेनवमीला दोघांची पूजा एकाच पाटावर होते. घाटावर, कर्नाटकात, त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात आणि तिचा थाट आपल्यापेक्षा मोठा असतो. त्या दिवसांत दांडेली-जोयड्याच्या रस्त्याने गेलात तर ट्रकपासून पंक्चरवाल्याच्या पान्ह्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा दिसतील.

हा हिशेब बदलला तो रोख मजुरीने. आणि गंमत अशी की रोख मजुरीसाठी मराठीत जो शब्द रुजला, तो आमच्या गोव्याच्या वाटेने आला. पगार हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्याबरोबर सुताराच्या कामाचे शब्दच शब्द आले. मेस्त आणि मेस्त्री हे त्यांच्या 'मेस्त्र'चे, म्हणजे उस्तादाचे, रूप. दाराची बिजागरी पोर्तुगीज, कुलपाची चावी पोर्तुगीज. गोव्यात अजूनही हातोड्याला मार्तेल म्हणणारी जुनी माणसे आहेत. ज्या घरात दाराला बिजागरी, कुलपाला चावी आणि कामाला मेस्त असतो, त्या घरात पगार पाठोपाठ येणारच.

जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी पोर्तुगीजांची गोदी आणि शस्त्रागार होते. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता, त्याने त्या गोदीचे आणि तिथल्या कारागिरांच्या गजबजाटाचे वर्णन करून ठेवले आहे. गोव्यात घडलेले कोरीव आणि हस्तिदंती जडावाचे पेटारे त्या काळात लिस्बनला जात, आज ते युरोपातल्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. साग मात्र आपल्या बाजूचा. सागाला पाण्यात किडा लवकर लागत नाही आणि त्यातल्या तेलामुळे खिळ्याचे लोखंड गंजत नाही, हे जहाज बांधणाऱ्यांना फार आधी उमगले होते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची युद्धनौका बांधून १८१७ साली पाण्यात सोडली, 'ट्रिंकोमाली' तिचे नाव. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. दमणला १८४३ मध्ये 'दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया' ही नौका बांधली, नगरहवेलीच्या जंगलातल्या सागाची. ती लिस्बनसमोर नदीच्या पलीकडे ठेवलेली आहे. तिच्या मुख्य कारागिराचे नाव पोर्तुगीज कागदांत यादो सेमोगी असे उतरले आहे. मूळ नाव जादव शामजी असे काहीतरी असावे, हा आपला माझा तर्क. एवढ्या मोठ्या जहाजामागच्या शेकडो सुतारांपैकी एकाचे तरी नाव उरले, तेही मोडक्या उच्चाराचे.

गोदीतल्या आणि पुढे शहरातल्या सुताराचा संसार वेगळा होता. धान्याचा वाटा नाही, रोज आहे. ज्याच्या पिशवीत स्वतःची चांगली हत्यारे, त्याला रोज जास्त. आता हत्यार म्हणजे भांडवल झाले. घरात शिल्लक पडलेल्या पाच रुपयांचे लुगडे आणायचे की पटाशी, हा प्रश्न या माणसाच्या घरात पहिल्यांदा उठला असणार. माझ्या लहानपणी आमच्या शेजारचा मेस्त शनिवारी संध्याकाळी पगार घेऊन घरी आला की त्याच्या बायकोचा आवाज आमच्या सोप्यापर्यंत ऐकू येई. "तुझे रंधे खावचे काय आमी?" त्याचे उत्तर कधी ऐकू आले नाही. पण दर वर्षी चतुर्थीला गावातल्या अर्ध्या घरांच्या माटोळ्यांच्या चौकटी त्याच्या हातच्या असत आणि त्या मोसमात ती बाई काही बोलत नसे.

त्याचे कारण कळते. मेस्ताचा रंधा पैसे मिळवत होता. माझा रंधा मिळवणार नाही. खरी अडचण तिथेच आहे. हौसेसाठी हत्यार घेणाऱ्या माणसाने काय सांगावे?

यात मला एक मोठा भाऊबंद सापडला, फ्रान्सचा सोळावा लुई. त्याला कुलपे करायचा आणि चरकावर काम करायचा नाद होता, राजवाड्यातच त्याने कारखाना थाटला होता. त्याची राणी मारी आंत्वानेत हिने १७७५ साली एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की नवऱ्याला शिकार आणि यंत्रकाम यांखेरीज कशात गोडी नाही आणि भट्टीशेजारी उभी राहून मी काही शोभणार नाही. तिजोरीची चावी ज्याच्या हाती, त्या माणसालाही घरातून पाठिंबा नव्हता. हा दाखला मी सौ.ला दिला. ती म्हणाली, "पुढे त्यांचे काय झाले?" दाखला मागे घ्यावा लागला.

दुसरा दाखला इंग्लंडातला, आणि तो आमच्या विषयाला अगदी चिकटून आहे. १७९६ साली केंट परगण्यातल्या जोसेफ सीटन नावाच्या बापाने आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठी लंडनच्या गॅब्रिएल या व्यापाऱ्याकडून सुतारकामाच्या हत्यारांचा सगळा संच विकत घेतला. मुलाने १७९७ मध्ये ती ठेवायला एक देखणी पेटी केली आणि आतल्या हत्यारांची किमतीसकट यादी लिहून ठेवली. पेटी आणि यादी दोन्ही रोचेस्टरच्या संग्रहालयात आहेत. जुन्या हत्यारांच्या अभ्यासकांना हा संच म्हणजे पर्वणी वाटते, कारण ती हत्यारे जवळजवळ नव्यासारखी राहिली. का राहिली? कारण बेंजामिनने ती फारशी वापरलीच नाहीत! बापाने खर्च केला, मुलाने पेटी केली, आणि पेटी झाल्यावर तिच्यातली हत्यारे तशीच राहिली.

हे मी घरी सांगितले नाही. मुलीने कुठूनतरी वाचून काढले आणि जेवताना सांगितले.

मग मी बेळगावकडे वळलो, कारण नव्या हत्याराचे समर्थन म्हटले की मराठी माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवायलाच हवेत. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्म. मुंबईला जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आले, तेव्हा यंत्रांची रेखाटने शिकले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले, बढतीत डावलल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. तिथेच ते कडबा कापायची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर करू लागले. ते पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली असे सांगतात. लोखंडाने जमीन नासते, तिला विष बाधते, अशी समजूत होती. पुढे नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, औंधच्या राजांनी आसरा दिला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट आपण नेहमी लक्ष्मणरावांच्या बाजूने सांगतो, जुनाट शेतकरी आणि पुढचे बघणारा कारखानदार अशी. मी या वेळी ती शेतकऱ्याच्या चुलीजवळ बसून वाचायचा प्रयत्न केला. लाकडी नांगर त्याला रोख पैशांत पडतच नव्हता. लाकूड बांधावरचे, सुतार बलुत्याचा. लोखंडी नांगर मात्र नोटा मोजून घ्यायचा, फाळ झिजला की पुन्हा पैसे मोजून नवा घ्यायचा, आणि तो ओढायला बैल जास्त लागणार. ज्या घरात वर्षाकाठी रोकड दिसायची ती सारा भरताना, त्या घरातल्या बाईला हा खर्च कोणी कसा पटवायचा? "जमिनीला विष बाधते" हे कदाचित सगळे अज्ञान नसेल. पैसे नाहीत, असे कारखानदाराला तोंडावर सांगण्यापेक्षा ते सोपे असेल. नांगर चांगलाच होता, पुढे तो घरोघरी गेला, त्याबद्दल वाद नाही. पण तो गेला तसे सुताराचे वर्षभराचे एक मोठे काम गेले, आणि त्याबरोबर खळ्यावरचा वाटाही उतरला. एका घरातले नवे हत्यार दुसऱ्या घरातली जुनी हत्यारे अशी अडगळीत टाकते.

माझ्या नव्या रंध्याचीही अशीच कुळकथा आहे. लाकडी बुंध्यात पाते ठोकून बसवलेला रंधा फार जुना, रोमन लोकांचे रंधे पॉम्पेईत सापडले आहेत. पाते पाचरीने घट्ट करायचे, कमीजास्त करायला हातोडीचा हलका ठोका द्यायचा. तो ठोका किती हलका, हे शिकायला वर्षे लागतात. अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोखंडी बुंध्याचा, पाते चाकीने पुढेमागे होणारा रंधा काढला. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि तोच नमुना जगभर झाला. माझा रंधा त्याच घाटाचा, आपल्याकडच्याच कारखान्यातला. चाकी फिरवली की माझ्यासारख्या नवशिक्याचीही चिप पातळ निघते. मेस्ताने वर्षे घालून कमावलेला तो ठोका मी चाकीत विकत घेतला, असेही म्हणता येईल.

करवतीची तर याहून मजा. मी घेतलेली करवत जपानी पद्धतीची, ढकलताना नव्हे, ओढताना कापणारी. पाते पातळ, रेघ बारीक. मोठ्या कौतुकाने मी ती एका ओळखीच्या मेस्ताला दाखवली. तो म्हणाला, "आमच्या आजाची करवत ओढीचीच होती." खरेच आहे, जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरणाऱ्या आपल्या सुताराच्या करवतीचे दात आपल्याकडे वळलेले असत. इंग्रजी शाळांनी आणि बाकड्यांनी त्याला उभे केले आणि करवत उलटी केली. मग मी ती ओढीची करवत जपानच्या नावाने, दाम मोजून परत आणली.

इतका सगळा ऐवज जमा करून मी एका रविवारी सौ.पुढे मांडला. बलुते, पगार, लुई, किर्लोस्कर, बेली. तिने भाजी चिरता चिरता ऐकले. आदोळीवर बसून, पायाने पाट दाबून. तिची आदोळी तिच्या आईने लग्नात दिलेली, तीस वर्षांपूर्वीची. पाते झिजून अर्धे झाले आहे.

"माझे शिवणाचे मशीन आठवते?" ती म्हणाली.

आठवते. १९९६ साली घेतले होते. हप्त्यांवर. (शिवणयंत्र हप्त्यांवर विकायची युक्ती सिंगर कंपनीची, १८५६ च्या सुमाराची. घरात यंत्र आणायचे तर आधी नवऱ्याला पटवावे लागते, एकदम एवढा पैसा निघत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या पिढीतल्या किती घरांत पहिले यंत्र असे आले असेल!)

"ते घेताना मी तुला काय सांगितले होते?"

तेही आठवत होते. महिन्याला चार पोलकी बाहेरून शिवायला टाकतो, तेवढे पैसे वाचतील. शेजारच्या दोघींची शिवली तर हप्ता सुटेल. मुलीचे फ्रॉक घरी होतील. एका वहीच्या पानावर तिने सगळे लिहून आणले होते. मी ते पान तपासले होते. तपासून एका ठिकाणी बेरीज चुकली म्हणून दाखवलीही होती.

"दीड वर्षात फिटले ते," ती म्हणाली. "पण मला तेव्हा पोलकी शिवायची नव्हती. मला नुसते शिवायचे होते. ते लिहिता आले नाही म्हणून पोलकी लिहिली."

इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात हे मला सापडले नव्हते. सुताराच्या बायकांनी काय सहन केले हे शोधत मी तीन महिने फिरलो. आणि घरात एक बाई हत्यारासाठी अर्ज घेऊन माझ्याचपुढे उभी राहिली होती, ते विसरलो होतो. वहीचे ते पान तिने ठेवले असेल का, हे विचारायचे मला धाडस झाले नाही.

देव्हाऱ्याचे काम सुरू आहे. लाकूड शेवटी इथल्याच एका वखारीतून घेतले, सागाच्या चार फळ्या आणि मागच्या बाजूला फणस. पाट्या झाल्या, खांबांच्या खाचा पहिल्यांदा चुकल्या, दुसऱ्यांदा बऱ्या आल्या. कळसाला अजून हात लावलेला नाही. दार लागत नाही, वरच्या कोपऱ्यात तांदळाएवढी फट राहते. बिजागरीची जागा चुकली असावी.

खंडेनवमीला मी पाट मांडून रंधा, पटाश्या, गुण्या आणि करवत ओळीने ठेवली. हळदकुंकू आणायला आत गेलो. परत आलो तर रंध्याच्या शेजारी आदोळी ठेवलेली होती, घासून स्वच्छ केलेली, आणि तिच्या पलीकडे मशीनचा लहान डबा, बॉबिन आणि कात्रीसकट. पूजा दोघांनी मिळून केली. त्या दिवशी हत्यारांना कामाला लावायचे नसते, त्यामुळे जेवण केळीच्या पानावर साधेच, आदल्या दिवशी चिरून ठेवलेल्या भाजीचे.

जेवताना तिने विचारले, "त्या म्हाताऱ्यांच्या आईचे जाते अजून तिथेच असेल ना?"

"असेल. दगड कुठे जातो?"

पाऊस कमी झालेल्या वर्षी धरणाचे पाणी फार उतरले की जुन्या सुप्याच्या खुणा वर येतात, असे तिकडचे लोक सांगतात. ते तिला कुळगीलाच कोणीतरी सांगितले होते. उन्हाळ्यात जाऊया, असे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. गाडीत मागे जागा ठेव म्हणाली.